जुन्या मोटारीची तेलगळती

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील निंबर्गा हे गाव महाराष्ट्राच्या सीमेच्या इतके निकट आहे की, तेथील कित्येक घरांची सोयरीक अक्कलकोट-सोलापूरकडे, कोर्टकचेरी आळंद-कलबुर्गीकडे, आणि बोलणे अर्धे मराठीत, अर्धे कानडीत असा संसार चाललेला असतो. अशा गावात दाराशी मोटार असणे ही केवळ हौस नव्हे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आता खेडोपाडी येते हे खरे. तथापि मध्यरात्री एखाद्या बाळंतिणीच्या कळा वाढल्या, किंवा तुरीच्या रानात कुणाला पान लागले, तर शेजारी आधी ज्याच्या अंगणात मोटार उभी आहे त्याचेच दार ठोठावतात. त्या वेळी मोटार चालू होईल काय, आणि चालू झाली तरी तालुक्याच्या गावापर्यंत तग धरील काय, हा प्रश्न घरधन्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. जुन्या मोटारीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्या पोटाखाली, अंगणातल्या शहाबादी फरशीवर लिहिलेले असते. तेथे पडलेला काळा डाग हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

जुनी मोटार म्हटली म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर प्रथम अँबॅसॅडर येते, आणि सीमाभागातील वाचकांच्याही येत असावी. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून हिंदुस्तान मोटर्सने ती बंगालमधील उत्तरपाडा येथे बनविण्यास घेतली, आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत ती तेथेच बनत राहिली. मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, जिला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले, तिची धाकटी सोबतीण. मुंबईच्या टॅक्सीतळांवरून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निघून गेली. शहरांतून या गाड्या गेल्या, परंतु खेड्यांतून गेल्या नाहीत. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी वापरलेली गाडी नातवाच्या हाती येते, आणि तेलाच्या डागासकट येते.

हा डाग का पडतो, ते समजून घेतल्याखेरीज पाना हाती घेऊ नये असे आम्हांस वाटते. इंजिन म्हणजे अनेक लोखंडी तुकड्यांची जोडणी. दोन तुकडे जेथे भेटतात तेथे त्यांच्यामध्ये बुचाचे, कागदाचे किंवा रबराचे पॅकिंग असते. फिरता दांडा जेथून बाहेर पडतो तेथे सील असते. तेलाचा पंप चेंबरमधले तेल उचलून सर्व फिरत्या भागांना पाजतो आणि ते तेल आपल्या वजनाने पुन्हा खाली चेंबरमध्ये उतरते. इंजिन तापते, थंड होते, पुन्हा तापते. आमच्या या मुलखात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा उभ्या गाडीचे पॅकिंगसुद्धा भाजून निघते. काही वर्षांत बूच वाळून आकसते, रबर काचेसारखे कडक होते. मग तेलाला वाट मिळते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पंपाच्या दाबाखाली असलेले तेल निराळे, आणि दाब संपून खाली ओघळणारे तेल निराळे. टॅपेट कव्हरच्या कडेने पाझरणारे तेल दुसऱ्या जातीचे; ते गाडी घाण करते, क्वचित धूर काढते, परंतु घात करीत नाही. तेलाच्या फिल्टरजवळ किंवा प्रेशर दाखविणाऱ्या घड्याळाकडे जाणाऱ्या बारीक नळीत जी गळती होते ती पहिल्या जातीची. ती वाढली तर चेंबरमधले सुमारे चार लिटर तेल काही मिनिटांत रस्त्यावर सांडू शकते. तेल संपलेल्या इंजिनातले बेअरिंग क्षणार्धात तापून क्रँकला चिकटते, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

ज्यांना डाग पाहिल्याबरोबर धडकी भरते त्यांच्यासाठी थोडा हिशेब करू. ढोबळ मानाने वीस-पंचवीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. रात्रभरात फरशीवर दहा थेंब पडले तर अर्धा मिलिलिटरही झाले नाही. वर्षभर हाच क्रम चालला तरी पाव लिटर भरत नाही. उलट इंजिन चालू असताना दर सेकंदाला एक थेंब पडू लागला, तर तासाला सुमारे दीडशे मिलिलिटर गेले, आणि सहा-सात तासांच्या प्रवासात लिटरभर तेल नाहीसे झाले. तेल मोजण्याच्या काडीवरच्या वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत बहुधा एवढेच अंतर असते. म्हणून डाग पाहून घाबरण्याऐवजी काडी पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी, काडी एकदा पुसून पुन्हा बुडवून पाहावी. आठवड्यातून एक वार यासाठी ठरवून टाकला म्हणजे विसर पडत नाही.

आता गळती शोधण्याविषयी. या कामात जितकी चूक होते तितकी प्रत्यक्ष दुरुस्तीत होत नाही, कारण तेल जेथे दिसते तेथून ते निघालेले नसते. ते वरून खाली ओघळते, आणि गाडी चालताना वाऱ्याने पुढून मागे ढकलले जाते. चेंबरच्या मागच्या कोपऱ्यावर लोंबणारा थेंब वर टॅपेट कव्हरच्या पुढच्या टोकाशी जन्मलेला असू शकतो. कित्येक घरधनी चेंबरचे पॅकिंग बदलण्यात अख्खा दिवस आणि बरेच पैसे घालवितात, आणि दुसऱ्या दिवशी डाग जेथल्या तेथे! ओल्या भागापैकी सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू कोणता, हे आधी पाहावे.

त्यासाठी इंजिन स्वच्छ हवे. आमच्या काळ्या मातीची धूळ तेलात कालवून इंजिनावर जे लेपण बसते ते पाहिले म्हणजे मोटार शेतात उगवली की काय अशी शंका येते. इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची तार सोडून, रॉकेल आणि जुना ब्रश घेऊन हे लेपण उतरवावे. डिस्ट्रिब्यूटर आणि कार्बोरेटरचे तोंड प्लास्टिकने बांधून घ्यावे. मग चिंध्यांनी कोरडे पुसून गाडी दोन-तीन तास मोकळ्या हवेत बॉनेट उघडून ठेवावी. रॉकेलचा वास पूर्ण जाईपर्यंत इंजिन चालू करू नये, कारण एक्झॉस्टची नळी तापली म्हणजे ती वासाचीसुद्धा वाट पाहत नाही. त्यानंतर संशयित सांध्यांवर अंगाला लावण्याची पावडर किंवा खडूची वस्त्रगाळ भुकटी फुंकरीने बसवावी आणि गाडी गावाबाहेर पाच-सात किलोमीटर हिंडवून आणावी. पांढऱ्या भुकटीवर तेलाची काळी रेघ उठते, ती जेथून सुरू होते तेच ठिकाण.

गेल्या वर्षी निंबर्ग्यातील एका घरी आम्ही हा प्रयोग चालू असताना हजर होतो. आजोबा ओट्यावर बसून सूचना देत होते आणि कॉलेजात जाणारा नातू बॉनेटमध्ये डोके घालून उभा होता.

“आज्जा, चेंबरचंच पॅकिंग गेलंय. खाली सगळं ओलं आहे.”

“खाली ओलं असायचंच रे. पाऊस पडला तर पाणी अंगणात साठतं, म्हणून तो अंगणातनं पडतो का? वर बघ. भुकटी कुठं फुटली आहे ते सांग.”

नातवाने टॉर्च घेऊन पाहिले. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर पांढऱ्यात काळा तिळाएवढा ठिपका, आणि तेथून खाली सुतासारखी रेघ. चेंबर सोडण्याचा बेत रद्द झाला. आजोबांनी आत चहा सांगितला.

जुन्या पेट्रोल अँबॅसॅडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांना हे टॅपेट कव्हरचे काम घरी सहज करता येते. ते झाकण वरच्या दोन नटांवर बसते, आणि नटांखाली रबराच्या टोप्या असतात. गळती बहुधा पॅकिंगपेक्षा माणसाच्या हाताने होते. तेल दिसले की जो तो नट आणखी आवळतो. बूच दबून बाहेर येते, पत्र्याच्या झाकणाची कड वाकते, आणि कड वाकली की नवे पॅकिंगसुद्धा तेल धरीत नाही. यास्तव झाकण काढल्यावर ते प्रथम काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर उपडे ठेवून पाहावे. कोठे उजेड दिसला तर ती कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करावी. जुन्या पॅकिंगचे अवशेष बोथट सुरीने खरवडावेत. त्यांचा कण इंजिनात पडू नये म्हणून उघड्या भागावर स्वच्छ फडके अंथरावे. सुती चिंधीचे धागे सुटतात, तेव्हा फडके धुवट आणि दाट विणीचे असावे. दुकानात पडून वाळलेले बुचाचे पॅकिंग आखूड भरते. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवले की ते फुगून मापावर येते. मग ते पुसून, कोरडे करून, झाकणाच्या बाजूला चिकटद्रव्य लावून बसवावे आणि इंजिनाच्या बाजूला नुसता ग्रीसचा हात फिरवावा. असे केल्याने पुढच्या खेपेस झाकण काढताना पॅकिंग फाटत नाही. दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत, आणि बूच किंचित दबल्याबरोबर थांबावे. रबराच्या टोप्या कडक झाल्या असतील तर त्याही बदलाव्यात. दोन टोप्यांच्या कंजुषीपायी सारा खटाटोप वाया गेल्याची उदाहरणे आमच्या पाहण्यात आहेत.

बुचाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. हे बूच म्हणजे एका जातीच्या ओक वृक्षाची साल होय. जगातील सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते, आणि तेथे एकदा साल काढलेल्या झाडाला पुन्हा हात लावण्यापूर्वी नऊ वर्षे थांबावे लागते. निंबर्ग्याच्या अंगणात ज्याला आपण पाच मिनिटांत आवळून चिरडतो ते नऊ वर्षांचे पीक असते.

याच इंजिनाच्या बगलेला, एक्झॉस्टच्या नळ्यांच्या खाली, पत्र्याची आणखी दोन झाकणे आहेत. तेथे हात पोचणे कठीण, म्हणून मिस्त्रीसुद्धा त्यांची उपेक्षा करतात. पण खालच्या ओलाव्याचे मूळ पुष्कळदा तेथे सापडते. पद्धत तीच. तयार पॅकिंग मिळाले नाही तर बुचाचा पत्रा आणून घरी कापता येते. कागदी पॅकिंगसाठी जाड कागद त्या भागाच्या तोंडावर धरून गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हळू टिचक्या माराव्यात, म्हणजे कागदावर अचूक आकार कातरला जातो. सोलापूरच्या आणि हैदराबादच्या मिस्त्रींनी सुटे भाग नसताना याच युक्तीवर किती गाड्या चालत्या ठेवल्या असतील!

जुन्या तऱ्हेचा फिल्टर, म्हणजे लोखंडी वाटीत बसणारा, ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक गोष्ट विशेष जपावी. वाटी ज्या खाचेत बसते तेथे रबराची रिंग असते. जुनी रिंग खाचेला चिकटून काळी पडते आणि लोखंडाचाच भाग वाटते. तिच्यावर नवी रिंग बसली की वाटी वरवर घट्ट दिसते, परंतु इंजिन चालू होताच दाबाचे तेल फवाऱ्यासारखे बाहेर येते. खाच सुईने किंवा दाभणाने चोहोबाजूंनी टोकरून जुनी रिंग निघाल्याची खात्री करावी, आणि काम झाल्यावर पहिले दोन मिनिट इंजिन उभ्यानेच चालवून खाली वाकून पाहावे.

चेंबरच्या ड्रेन नटाखाली तांब्याचे वायसर असते. वारंवार आवळून ते कठीण होते, आणि कठीण तांबे तेल धरीत नाही. नवे न मिळाल्यास जुनेच चिमट्यात धरून निखाऱ्यावर मंद लाल होईपर्यंत तापवावे आणि पाण्यात बुडवावे. लोखंडाचे पोलाद असे केल्याने कठीण होते. तांबे मात्र मऊ पडते, ही गोष्ट आपल्याकडील तांबट पिढ्यान् पिढ्या जाणून आहेत.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधून, बरोबर मध्यभागी, जे तेल ठिबकते त्याच्या नादी मात्र घरी लागू नये. अँबॅसॅडरच्या या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबराचे सील नाहीच. दांड्यावर उलट्या फिरकीचे आटे कोरलेले असतात, आणि दांडा फिरत असताना ते आटे बाहेर जाऊ पाहणारे तेल आत ओढून घेतात. दांडा थांबला की ही राखणही थांबते, आणि चार थेंब खाली येतात. ही त्या इंजिनाची जन्मजात खोड आहे. तेल क्लचला लागून क्लच घसरू लागला, तरच इंजिन उतरविण्याचा खर्च करावा. एरवी खाली एक पसरट डबा ठेवावा आणि स्वस्थ झोपावे. गळती थांबविण्याची म्हणून तेलात ओतण्याची जी औषधे विकली जातात ती जुने रबर थोडे फुगवितात, त्यामुळे काही महिने गुण आल्यासारखा वाटतो. जेथे रबरच नाही तेथे ती काय करणार?

सर्व पॅकिंगे नवी घालूनही सगळीकडून तेल येत असेल तर दोष पॅकिंगांचा नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या म्हणजे जळलेला वायू खाली उतरून इंजिनाच्या पोटात दाब करतो, आणि तो दाब मिळेल त्या फटीतून तेल बाहेर लोटतो. या वायूला वाट देण्यासाठी ब्रीदरची नळी असते. आमच्याकडील धुळीने ती बुजते. पैसे खर्च करण्यापूर्वी ती नळी काढून रॉकेलने धुवावी. मग चालू इंजिनाचे तेल ओतण्याचे झाकण उघडून पाहावे. थोडी वाफ दिसली तर हरकत नाही. आगगाडीसारखे धुराचे भपके येत असतील तर रिंगांचे काम निघाले आहे असे समजून गॅरेजचा रस्ता धरावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याचे आम्ही मुख्यतः मनावर घेतले ती सांगतो. चेंबरचे काम गाडीखाली शिरून करावे लागते, आणि घरगुती दुरुस्तीत माणसे मरतात ती येथेच. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. हजार किलोहून अधिक वजनाची गाडी जॅकवरून सटकते तेव्हा ओरडण्यासही अवधी मिळत नाही. काळ्या मातीवर तर जॅक कधीच लावू नये. उन्हाळ्यात ती भेगाळलेली असते, पावसानंतर लोण्यासारखी, आणि दोन्ही वेळी जॅक एका बाजूला कलतो. पातळ फरशी वजनाने तडकते. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे पूर्वसूचना न देता चुरतात. टणक सपाट जागी, जाड लाकडी फळीवर जॅक लावून गाडी उचलावी, लोखंडी स्टँड किंवा बाभळीचे रुंद ओंडके चासीखाली दोन्ही बाजूंना द्यावेत, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, हँडब्रेक ओढावा, आणि आत शिरण्यापूर्वी गाडीला दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहावे. काम करणारा एकटा असू नये. मुलांना त्या वेळी अंगणातून घरात धाडावे. स्टँड नसतील तर त्या दिवशी चेंबरचे काम करू नये. दहा थेंबांची किंमत काय होते ते वर सांगितलेच आहे.

काम आटोपल्यावर गाडी वीस-डब्ल्यू-चाळीस किंवा त्याहून थोड्या जाड, वीस-डब्ल्यू-पन्नास तेलाने भरावी. झिजलेल्या इंजिनाला आणि आमच्या उन्हाळ्याला हीच तेले मानवतात. दोन-तीन दिवसांनी, शे-दीडशे किलोमीटर झाल्यावर, नट पुन्हा एकदा हलकेच तपासावेत, कारण नवे बूच बसते आणि किंचित सैल पडते. रात्री गाडीखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर तारीख लिहावी. चार रात्रींचे चार कागद शेजारी ठेवले की गळती कमी झाली काय, याविषयी घरात वाद उरत नाही.

काढलेले तेल आणि रॉकेलचे मळके पाणी विहिरीच्या बाजूच्या नालीत ओतण्याची सवय मात्र मोडली पाहिजे. जळक्या तेलात धातूचे कण आणि त्वचेला कर्करोगापर्यंत नेणारी द्रव्ये असतात. २०१६च्या नियमांनुसार भारतात ते घातक कचऱ्यात मोडते. खेड्यात ते बैलगाडीच्या आसाला घालतात, वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटीला फासतात. उघड्या हाताने फासतात हे वाईट. हात साबणाने धुवावेत, पेट्रोलने नव्हे. उरलेले तेल झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ‘जळके तेल’ असे ठळक लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे, आणि कलबुर्गीला किंवा सोलापूरला पुढची फेरी होईल तेव्हा पुनर्वापरासाठी तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात नेऊन द्यावे.